रकाना आणि केसपेपर

पॅनकार्डावर लिंग छापलेलं नसतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो, सही आणि दहा अक्षरी क्रमांक, संपलं. तरीही बिहारमधल्या कार्यकर्त्या रेश्मा प्रसाद यांना या कार्डापायी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. त्यांच्या आधारवर तृतीयपंथी अशी नोंद होती आणि पॅनच्या व्यवस्थेत स्त्री व पुरुष असे दोनच पर्याय होते. सरकारने दोन्ही कार्डं एकमेकांना जोडणं सक्तीचं केलं आणि संगणकाला नोंदी जुळेनात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राप्तिकर खात्याने अर्जात तिसरा पर्याय आणला. पण तो मिळवायला पुरावा म्हणून कोणता कागद चालेल, हा घोळ सुरूच राहिला. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळख प्रमाणपत्र पॅनसाठी चालेल, हे केंद्र सरकारने न्यायालयात तत्त्वतः मान्य करायला ऑगस्ट २०२४ उजाडलं.

कार्डावर नसलेल्या एका अक्षरासाठी सहा वर्षं गेली. त्या अक्षराने कराच्या रकमेतही फरक पडत नाही, कारण स्त्रियांसाठीचा करमुक्त उत्पन्नाचा वेगळा टप्पा २०१२च्या अर्थसंकल्पातच बंद झाला. मग ते पॅनच्या अर्जात होतं कशासाठी?

हा प्रश्न पॅनपुरता ठेवला तर सोपा आहे. तो प्रत्येक कागदाला विचारला की गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि रुग्णालयात नेऊन विचारला की उत्तर थेट उलटं येतं. ओळखीच्या कागदावर लिंगाची नोंद गरजेपेक्षा जास्त जागा अडवून बसली आहे. उपचाराच्या कागदावर तीच नोंद गरजेपेक्षा फार कमी सांगते. पारलिंगी माणसांची कागदपत्रं दुरुस्त करण्याची आपली सगळी खटपट या दोन कागदांना एकच समजून चालली आहे. म्हणून ती पावलोपावली अडते, आणि ज्यांच्यासाठी चालली आहे त्यांनाच दोन्हीकडे हेलपाटे घालावे लागतात.

*

१५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी ‘नाल्सा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल दिला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्यात हस्तक्षेप अर्ज केला होता. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे, असं न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितलं. पुढे २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, २०२० मध्ये नियम आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रमाणपत्राच्या अर्जांसाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. त्या नियमांनी आखलेली वाट सुटसुटीत होती. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, शारीरिक तपासणी नाही, तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळायचं. ते दाखवलं की बाकीच्या खात्यांनी पंधरा दिवसांत नाव, लिंग आणि फोटो बदलून द्यायचा.

अडचण पहिल्या अर्जाच्याही आधी सुरू होते. आपल्याकडे एक कागद दुसऱ्याची साक्ष काढतो आणि दुसरा तिसऱ्याची. आधारला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार किंवा बँकेचं पासबुक लागतं आणि बँक आधार मागते. या साखळीत कुठून तरी शिरायला एक घर लागतं, आणि घरात आपलं म्हणणारं कोणीतरी लागतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी मार खाऊन घराबाहेर पडलेलं पोर शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत घालून निघत नाही. ते तृतीयपंथीयांच्या एखाद्या गुरूच्या डेऱ्यात राहतं, भाड्याची खोली गुरूच्या किंवा भलत्याच कोणाच्या नावावर असते, आणि मूळ कागद गावाकडे अशा ट्रंकेत पडलेले असतात जिच्यापर्यंत ते पुन्हा पोचणार नसतं.

या बाबतीत निवडणूक आयोगाने दाखवलेलं शहाणपण नोंदवायला हवं. मतदार नोंदणीच्या अर्ज क्रमांक ६ मध्ये नातेवाइकाच्या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी यांच्या जोडीला तृतीयपंथी मतदारासाठी गुरूचं नावही चालतं. रक्ताच्या नात्याने ज्याला बाहेर काढलं त्याला दुसऱ्या नात्याने उभं राहता येतं, हे सरकारी अर्जात उतरलेलं आहे. आयोगाने स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ हा पर्याय २००९ मध्येच दिला होता, म्हणजे नाल्सा निकालाच्याही पाच वर्षं आधी.

तरीही २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशभरात तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार होते सुमारे ४८ हजार. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून मोजली गेलेली माणसं होती ४,८७,८०३. महाराष्ट्रात जनगणनेचा आकडा ४०,८९१ आणि २०२४च्या विधानसभेच्या यादीतला आकडा जेमतेम ६,१००. या दोन मोजण्यांची सरळ तुलना होत नाही. जनगणनेत लहान मुलं धरलेली आहेत आणि अनेक ट्रान्स स्त्रिया मतदार यादीत स्त्री म्हणूनच आहेत. तरी हे अंतर इतकं मोठं आहे की ते केवळ मोजणीच्या पद्धतीच्या माथी मारता येत नाही. माणसं आहेत, पण कागदावर आलेली नाहीत, किंवा आलेली आहेत ती जन्माच्या वेळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोंदीनिशी.

आता समजा कुणी ही पहिली चढण चढलं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हातात आलं. पुढची खिडकी विचारते, “गॅझेट केलंय का?” महाराष्ट्रात नाव बदललं की शासनाच्या राजपत्रात छापून आणायची रीत आहे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या बायकांपासून ज्योतिषाच्या सल्ल्याने एक अक्षर वाढवणाऱ्या बुवांपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक आहे. केंद्राचे नियम प्रमाणपत्र पुरेसं मानतात, पण खिडकीपलीकडच्या माणसाला तोंडपाठ असतं ते गॅझेट. त्यामुळे अर्जदार दोन्ही करतो. त्यानंतर शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच बदलायची, हा मुख्याध्यापकांच्या अंगी मुरलेला नियम. उघड चूक असेल तर नंतरही दुरुस्ती करता येते, पण दहावीला ‘कुमार’ असलेलं नाव आता ‘कुमारी’ झालं ही ‘चूक’ कोणाची, असा पेच तिथे पडतो. दाखला जुन्या नावाचा, आधार नव्या नावाचं, आणि नोकरीच्या मुलाखतीत दोन्ही फाइलमध्ये शेजारी शेजारी.

न्यायालयांनी यातल्या काही गाठी सोडवल्या. मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका पारलिंगी डॉक्टरची शैक्षणिक प्रमाणपत्रं नव्या नावाने आणि लिंगाने देण्याचा आदेश तिथल्या मंडळांना व विद्यापीठाला दिला. वैद्यकीची पदवी मिळवलेल्या व्यक्तीलाही शाळेच्या गुणपत्रिकेसाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं, यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. कर्नाटक उच्च न्यायालयासमोर डिसेंबर २०२४ मध्ये जन्मदाखल्याचा प्रश्न आला. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा चुकीची नोंद दुरुस्त करू देतो, पण जन्मानंतर कित्येक वर्षांनी बदललेल्या नोंदीची कल्पना त्यात नाही. न्यायालयाने कायदा सुधारायला सुचवलं आणि तोवरची सोय म्हणून सुधारित दाखला देण्याचा मार्ग काढला. मात्र त्या दाखल्यावर जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं व दोन्ही लिंगं येणार.

सदिच्छेने केलेल्या या तोडग्यातच सगळी मेख आहे. असा दाखला अचूक असतो, त्यात एकही शब्द खोटा नसतो. तो ज्याला दाखवाल त्याला मात्र तुमचा सगळा भूतकाळ सांगून मोकळा होतो. घर भाड्याने घेताना, मुलाच्या शाळाप्रवेशाला, नव्या नोकरीत रुजू होताना, दर वेळी. आपल्या बिऱ्हाडाची, जातीची, आजाराची माहिती कोणाला किती द्यायची हे इतर नागरिक स्वतः ठरवतात. इथे तो निर्णय कागदाने आधीच घेऊन ठेवलेला असतो. जुनी नोंद सरकारदरबारी जपून ठेवायला हरकत नाही. न्यायालयाच्या हुकमाने ती उघडताही यावी. पण रोज खिशातून काढायच्या कागदावर ती कशाला हवी?

*

यावर येणारा नेहमीचा आक्षेप असा: माणसाच्या नुसत्या शब्दावर लिंग बदलून द्यायचं, तर उद्या कोणीही उठेल आणि गैरफायदा घेईल. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शासनालाही तो वाटत आला आहे. २०१६च्या विधेयकात जिल्हा छाननी समितीची तरतूद होती. त्या समितीत मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञही असणार होते. समुदायाने कडाडून विरोध केल्यावर २०१९च्या कायद्यातून ती गाळली गेली. पण तपासून मगच दाखला द्यावा, ही कल्पना मरत नाही. ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

या समितीने नेमकं काय तपासायचं, असं विचारलं की आक्षेपाचं बळ ओसरतं. रक्तात, गुणसूत्रात किंवा शरीराच्या ठेवणीत ‘पारलिंगी’ असं दाखवणारी कोणतीही खूण नाही. वैद्यकशास्त्र स्वतःच ही ओळख माणसाच्या सांगण्यावरून समजून घेतं. तेव्हा पाच जणांची समिती बसवली तरी ती शेवटी त्याच शब्दावर विसंबणार, फक्त तो शब्द अपमान करून काढून घेणार. गैरफायद्याचं म्हणाल, तर आधारचा क्रमांक आणि बोटांचे ठसे लिंगाच्या रकान्याबरोबर बदलत नाहीत. कर्जबुडव्याला किंवा फरार आरोपीला लिंग बदलून लपता येत नाही. त्याउलट या प्रमाणपत्राने हाती येते ती काही शिष्यवृत्ती, एक विमा आणि बाजारात भरपूर कुचेष्टा. कोण खोटारडा एवढ्यासाठी रांगेत उभा राहील? ज्या मोजक्या ठिकाणी, उदाहरणार्थ तुरुंगात, लिंगाच्या नोंदीवर दुसऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते, तिथे त्या ठिकाणापुरती वेगळी पडताळणी करता येते. त्यासाठी प्रत्येक रेशनकार्डधारकाची तपासणी कशाला?

स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवला तर काय होतं, याचं एक उदाहरण जळगाव जिल्ह्यातलं आहे. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी आहेत म्हणून तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचं लिंग ठरवण्याचा अधिकार उचलून धरत अर्ज स्वीकारायला सांगितला. त्या निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. निवडणूक अधिकाऱ्याला जे लिंग कळेना, ते गावच्या मतदारांना कळायला अडचण आली नाही.

२०१९च्या कायद्याने मात्र शब्दावरचा विश्वास अर्ध्यावरच सोडला. तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर प्रतिज्ञापत्र पुरे होतं. पण कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ व्हायचं असेल तर कलम ७ खाली शस्त्रक्रिया झाल्याचं वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र लागत होतं. नाल्सा निकालाने जी अट बेकायदा ठरवली होती ती मागच्या दाराने परत आली. नियमांनी थोडी ढील देत ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ असा शब्द वापरला आणि त्यात समुपदेशन व संप्रेरक उपचारही धरले. कायदा एक बोलतो आणि नियम दुसरं, तेव्हा कचेरीतला कारकून जे जास्त कडक तेच खरं मानतो. तो तरी काय करणार, उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

दुसरीकडे आरोग्य विमा. ऑगस्ट २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात आयुष्मान भारतखाली तृतीयपंथीयांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देण्याचा करार झाला. त्यात लिंगबदल शस्त्रक्रियाही धरली. लाभ मिळणार तो राष्ट्रीय पोर्टलचं प्रमाणपत्र असलेल्यांना. म्हणजे ओळखीसाठी दवाखान्याचा कागद दाखवा आणि दवाखान्यासाठी ओळखीचा कागद दाखवा. दोन्ही खिडक्यांवर दुसऱ्या खिडकीचा शिक्का मागितला जातो.

*

हा गुंता सोडवायचा तर ओळखीच्या कागदांवरून सुरुवात करावी लागेल, आणि ती रकाने वाढवून होणार नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष हेच पर्याय होते. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला, तर राज्य सरकार अडचणी सांगत उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता यांच्या खंडपीठाने डिसेंबरमध्ये सरकारला खडसावलं, अर्जात पर्याय आणायला लावला आणि शारीरिक चाचणीचे नियम करायला मुदत घालून दिली. तिथे रकान्याला काम होतं. धावण्याची वेळ, उंची, छाती यांचे निकष लिंगावर ठरतात, आरक्षणाचा हिशेबही त्यावर होतो. अशा ठिकाणी प्रश्न विचारायलाच हवा आणि उत्तराला सगळे पर्याय हवेत. पण विजेच्या जोडणीच्या अर्जात, बँकेच्या पासबुकावर, वाचनालयाच्या वर्गणीत तो कशाला? जर्मनीच्या राष्ट्रीय ओळखपत्रावर लिंग छापलेलं नसतं, आणि त्यापायी तिथला कारभार कोलमडलेला नाही. पासपोर्टची गोष्ट वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे निकष तिथे लिंगाचा रकाना मागतात, पण स्त्री-पुरुषांखेरीज ‘एक्स’ हा पर्यायही देतात.

एवढे सगळे अर्ज बदलणं प्रशासनाला झेपणार नाही, ही सबब महाराष्ट्रापुरती तरी चालण्यासारखी नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मेपासून जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं. जन्मदाखल्यापासून शाळेच्या आणि महसुलाच्या कागदांपर्यंत. पिढ्यान्पिढ्या चालत आलेला रकाना एका निर्णयाने बदलला. लिंगाचा रकाना कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा याची यादी करणं याहून अवघड नाही.

रकाना जितक्या कमी ठिकाणी असेल तितकं माणसाचं आयुष्य सरकारच्या मर्जीवर कमी अवलंबून राहील, हाही मुद्दा आहे. अमेरिकेत २०२२ पासून पासपोर्टवर ‘एक्स’ घेता येत होता आणि स्वतःच्या सांगण्यावरून नोंद बदलता येत होती. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षांच्या एका आदेशाने ती सोय गेली. न्यायालयीन लढाई चालू असतानाच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नवं धोरण राबवायला मुभा दिली. अक्षर देणारा हात ते परतही घेऊ शकतो.

*

आता रुग्णालय. इथे ‘रकाना काढा’ हा युक्तिवाद कामाचा नाही.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयात घडलेली घटना ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. बत्तीस वर्षांचा एक पुरुष पोटात तीव्र कळा येतात म्हणून तातडीच्या विभागात आला. नोंदीत पुरुष. त्याने परिचारिकेला सांगितलं की तो ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंदलेला, आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आली आहे. रक्तदाब चढलेला होता. वजन जास्त होतं आणि रक्तदाबाची औषधं त्याने बंद केली होती, म्हणून त्यावर बोट ठेवलं गेलं आणि तातडीचा नसलेला रुग्ण म्हणून तो बसून राहिला. काही तासांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गर्भारपण पक्कं झालं. नाळ खाली घसरली होती. शस्त्रक्रियेची धावपळ झाली, पण बाळ मृत जन्मलं. अशाच तक्रारीने आलेल्या बाईला लगेच प्रसूती विभागात हलवलं असतं.

या घटनेवरून कोणी म्हणेल, बघा, जन्माच्या वेळचं लिंगच लिहायला हवं होतं. पण नीट पाहिलं तर त्या रुग्णाने आवश्यक ते सगळं सांगितलं होतं. रकान्यातल्या एका अक्षराने ते झाकून टाकलं. आणि तिथे ‘स्त्री’ असतं तरी काय झालं असतं? शेजारच्या खाटेवर, गर्भाशय काढून टाकलेल्या आणि कित्येक वर्षं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या दुसऱ्या ट्रान्स पुरुषाच्या बाबतीत त्याच ‘स्त्री’ने डॉक्टरांना उलट्या दिशेने चकवलं असतं.

साध्या रक्ततपासणीकडे पाहावं. चाळीस वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन १.२ आलं. मूत्रपिंडाचं काम कितपत चाललं आहे याचा अंदाज २०२१च्या प्रचलित सूत्राने काढला, तर पुरुष म्हणून उत्तर येतं सुमारे ७८ आणि स्त्री म्हणून सुमारे ५९. साठ ही मूत्रपिंडाच्या आजाराची शंका घेण्याची रेषा. रक्त तेच, यंत्र तेच, नोंद बदलली की माणूस निरोगी किंवा रुग्ण. औषधाचा डोस कमी करायचा का, सीटी स्कॅनसाठी रंगद्रव्य टोचायचं का, हे त्या आकड्यावर ठरतं. तसंच हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात १३च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२च्या खाली रक्तक्षय. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधांनी ते उतरतं. कित्येक महिने असे उपचार घेणाऱ्या ट्रान्स स्त्रीचं हिमोग्लोबिन १२.५ असेल तर ‘पुरुष’ लिहिलेल्या अहवालात ते लाल अक्षरांत येईल आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतील. उपचार मागच्याच आठवड्यात सुरू झाले असतील, तर तोच लाल इशारा योग्य ठरेल. डॉक्टरला हवी असते ती माहिती अशी: कोणती संप्रेरकं, किती काळ, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणते अवयव शरीरात आहेत. पुरुष किंवा स्त्री, जुनं किंवा नवं, कोणतंही एक अक्षर हे सांगू शकत नाही. योनी घडवण्याच्या शस्त्रक्रियेत प्रोस्टेट सहसा काढत नाहीत, त्यामुळे साठीतल्या ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेटचा कर्करोग होऊ शकतो. त्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी मोजलं जाणारं रक्तातलं पीएसए इस्ट्रोजेनमुळे तिच्यात उतरलेलं असतं, म्हणून नेहमीची मर्यादा लावली तर धोका नजरेतून सुटतो.

श्रीमंत, सुव्यवस्थित आरोग्यसेवेतही हा घोटाळा होतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णाने लिंगाची नोंद बदलली की त्याला नवा क्रमांक देण्याची पद्धत राहिली आहे. जुन्या नोंदी नव्या क्रमांकावर आणून जोडाव्या लागतात. पुरुष म्हणून नोंद झाली की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं आपोआप येणारं बोलावणं थांबतं, स्त्री म्हणून झाली की पासष्टीतल्या पुरुषांना येणारं महाधमनीच्या तपासणीचं बोलावणं येत नाही. बिनचूक ओळखपत्र हवं म्हणून माणूस तपासणीला मुकतो.

यावरचा उपाय नवा नाही. पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या कार्यगटाने २०१३ मध्येच सुचवलं होतं की रुग्णाच्या नोंदीत हाक मारायचं नाव, लैंगिक ओळख आणि जन्माच्या वेळची नोंद वेगवेगळी ठेवावी, आणि त्याखाली कोणते अवयव आहेत, कोणते नाहीत, कोणते घडवले, याची यादी असावी. ही यादी फक्त पारलिंगींच्या कामाची नाही. गर्भपिशवी काढलेल्या कोणत्याही बाईला, प्रोस्टेट काढलेल्या कोणत्याही आजोबांना तिचा उपयोग आहे.

आपल्याकडचा जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर या कल्पनेपासून कोसभर दूर आहे. खिडकीवर नाव, वय, पत्ता विचारतात. ‘स्त्री/पु.’ मात्र आतला माणूस चेहरा आणि कपडे पाहून स्वतःच लिहून टाकतो. त्या एका खुणेवर पुढचं सगळं ठरतं. कोणत्या रांगेत उभं राहायचं, कोणत्या नावाने पुकारा होणार, कोणत्या वॉर्डात खाट मिळणार. साडी नेसलेल्या रुग्णाचं जुन्या कागदावरचं नाव शंभर माणसांत मोठ्याने पुकारलं गेलं, की तो रुग्ण पुन्हा त्या खिडकीवर येत नाही. ताप अंगावर काढतो किंवा संप्रेरकांच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून अंदाजाने घेतो. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. खाटेची अडचण त्याने सुटते. पण हाड मोडलेला रुग्ण अस्थिरोग विभागातच जाणार आणि हृदयविकाराचा अतिदक्षता विभागात. तिथे त्याच्यासोबत जातो तो केसपेपर.

कागद जाऊन संगणक आल्याने हे आपोआप सुधारेल, या भ्रमात राहू नये. आरोग्य नोंदी जोडण्यासाठीचा चौदा अंकी आभा क्रमांक आधारवरून काढला की नाव आणि लिंग आधारमधूनच येतं. ओळखपत्रातलं अक्षर आहे तसं आरोग्य नोंदीच्या पायात जाऊन बसतं. आधार दुरुस्त नसेल तर दवाखान्यात चुकीच्या नावाने पुकारा, आणि दुरुस्त असेल तर डॉक्टरला अपुरी माहिती. आभाच्या आराखड्यात ओळखीचं लिंग आणि उपचारासाठी लागणारी शारीरिक माहिती हे दोन स्वतंत्र कप्पे करणं आजच्या घडीला फारसं महागडं काम नाही. देशभरातल्या नोंदी साचल्यावर ते फार महाग पडेल.

दुसरा कप्पा आला की त्याला कुलूप हवं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर आलेल्या २०१९च्या विदा संरक्षण विधेयकात ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ असा वर्ग होता. आरोग्य, जात यांच्याबरोबर पारलिंगी असण्याची माहितीही त्यात नावानिशी होती. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात हा वर्गच उरला नाही. मोबाइल क्रमांक आणि शस्त्रक्रियेचा इतिहास यांना आता एकच मोजपट्टी आहे. अशा कायद्याच्या छत्राखाली अवयवांची यादी ठेवायची, तर ती उपचार करणाऱ्यापुरती उघडेल, विमा कंपनीच्या मध्यस्थाला आणि मालकाच्या मनुष्यबळ विभागाला दिसणार नाही, ही सोय आरोग्य खात्याला स्वतंत्रपणे करावी लागेल. आणि ती यादी विचारायची कशी, हे डॉक्टरांना शिकवावं लागेल. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वैद्यकीय पाठ्यक्रमातले पूर्वग्रह काढण्याचा आग्रह धरला होता. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत परत आले. ओरड झाल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काही दिवसांतच तो मजकूर मागे घेतला. अशा पुस्तकावर तयार झालेल्या तरुण डॉक्टरसमोर आपल्या शरीराचा हिशेब मांडायला रुग्णाने का धजावं, हा प्रश्न संगणकाच्या कप्प्यांनी सुटत नाही.

*

एक तिसरा कागद उरतो, ज्यावर हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. तो म्हणजे जनगणनेचा. १९४८च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक उत्तरं गोपनीय असतात. ती कोणत्याही कार्डावर उमटत नाहीत आणि कोणत्याही खिडकीवर मागितली जात नाहीत. त्यांच्यातून तयार होतो तो फक्त आकडा. तो आकडा नसेल तर किती निवारागृहं लागतील, कोणत्या जिल्ह्यात संप्रेरक उपचारांची सोय हवी, शिष्यवृत्तीला किती तरतूद करायची, हे सगळं अंदाजपंचे चालतं.

२०११ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा घरोघर उत्तर सहसा कुटुंबप्रमुखाने दिलं. ज्या घराने पोराला हाकललं, त्या घराने त्याला पुरुष म्हणून सांगितलं किंवा मोजलंच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणाऱ्या जनगणनेत मोबाइलवर नोंद होणार आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. डेऱ्यात एका छपराखाली राहणाऱ्या आठ-दहा जणांना ती स्वतंत्रपणे भरता यावी, प्रगणकाने चेहरा पाहून खूण न करता प्रत्येकाला विचारावं, आणि तो प्रश्न कसा विचारायचा हे त्याच्या प्रशिक्षणात असावं, एवढं जिल्हा प्रशासनाला करता येण्यासारखं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि न्यायालयाचा आदेशही लागत नाही.